समोर दिसतेय तीच स्क्रीन हवी का? दूरचा कॉम्प्युटर चालवण्यासाठी सॉफ्टवेअर निवडताना

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे कॉम्प्युटर मी बघतो. मालकांचा मुलगा पुण्याला नोकरी करतो. तिथून हिशेबात लक्ष घालायचं त्यानं ठरवलं आणि कुणीतरी सांगितलं म्हणून विंडोजमधलंच रिमोट डेस्कटॉप चालू करून घेतलं. पहिल्या दिवशी त्यानं पुण्यातून जोडणी केली आणि इकडे अकाउंटंट मॅडमसमोरची स्क्रीन लॉक झाली. मॅडमना वाटलं कॉम्प्युटर अडकला. त्यांनी पासवर्ड टाकून तो उघडला, तर तिकडे मुलगा बाहेर पडला. तो परत आत आला की मॅडम बाहेर. त्या दिवशी ११ तारीख होती, जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. दोघंही फोनवर एकमेकांना "तुम्ही काय दाबलं?" असं विचारत होते.

सॉफ्टवेअर त्याच्या पद्धतीनं अगदी बरोबर चाललं होतं. या दोघांना मात्र एकच स्क्रीन दोघांनी एकाच वेळी बघायची होती, आणि त्या कामासाठी ते बनलेलंच नाही. नवीन माणूस नेमका इथेच फसतो, म्हणून हा लेख. सॉफ्टवेअरची नावं जरा पुढे येतील, आधी गरज ओळखू.

पहिली पायरी: दोन प्रश्न

कागद घ्या आणि दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. तिकडच्या माणसाला जे दिसतंय तेच तुम्हाला दिसायला हवं का? आणि तुम्ही जोडणी कराल तेव्हा तिकडे कोणी बसलेलं असेल का?

पहिल्या प्रश्नात सगळी मेख आहे. दूरचा कॉम्प्युटर चालवणं हे दोन वेगळ्या प्रकारांनी होतं. एका प्रकारात मॉनिटरवर जे चित्र आहे त्याचीच नक्कल तुमच्याकडे येते. माउस तुम्ही हलवला तर तिकडचा बाण हलतो, तिकडच्या माणसानं हलवला तर तुम्हाला दिसतो. शिकवायचं असेल, चूक दाखवून द्यायची असेल, प्रिंटर का चालत नाही ते बघायचं असेल, तर हाच प्रकार हवा. टीमव्ह्यूअर, एनीडेस्क, रस्टडेस्क, क्विक असिस्ट आणि विंडोजवरची व्हीएनसी घराण्यातली सॉफ्टवेअर या प्रकारातली.

दुसऱ्या प्रकारात तुम्ही त्या कॉम्प्युटरवर लॉगिन करता. विंडोजचं रिमोट डेस्कटॉप, ज्याला आम्ही लोक आरडीपी म्हणतो, ते असं चालतं. साध्या विंडोजवर एका वेळी एकालाच काम करता येतं, त्यामुळे बाहेरून कोणी आत आलं की समोरची स्क्रीन लॉक होते. विंडोज सर्व्हरवर प्रत्येकाला स्वतंत्र डेस्कटॉप मिळू शकतो, पण त्यासाठी वेगळी परवानगी विकत घ्यावी लागते आणि तो मोठ्या ऑफिसांचा विषय आहे. रात्री घरून एकट्यानं काम करायचं असेल आणि ऑफिसात कोणी नसेल, तर आरडीपीसारखं सुरेख काही नाही. अक्षरं स्वच्छ दिसतात, हलक्या नेटवर चालतं आणि तुमच्या स्क्रीनच्या मापात तो डेस्कटॉप बसतो. शिवाय समोरची स्क्रीन लॉक असल्यानं ऑफिसात कोणी डोकावलं तरी त्याला तुमचं काम दिसत नाही. पगारपत्रक बघणाऱ्याला याची किंमत कळते.

काही वेळा तर एकच सॉफ्टवेअर दोन्ही प्रकारे वागतं. क्रोम रिमोट डेस्कटॉप विंडोजवर समोरचीच स्क्रीन दाखवतं, पण लिनक्सवर साधारणपणे वेगळा नवा डेस्कटॉप उघडून देतं. मग लोक म्हणतात, "मी उघडून ठेवलेल्या फाइली कुठे गेल्या?" फाइली तिकडे मॉनिटरवर जशाच्या तशा उघड्या असतात, तुम्ही मात्र दुसऱ्याच खोलीत शिरलेले असता.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो, कोणीतरी बसलेलं असेल" असं असेल तर काम सोपं. त्यानं कोड सांगायचा, "अलाऊ" दाबायचं, संपलं. "कोणी नसेल" असं असेल तर कायमचा पासवर्ड आला, कॉम्प्युटर चालू ठेवणं आलं आणि सुरक्षेची जबाबदारी दुप्पट झाली. तिकडे कोणी बसलेलं असताना ज्याचं भागतं त्यानं कायमच्या पासवर्डच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

थांबा, रिमोटची गरज आहे का?

हा प्रश्न मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो. मालकांना फक्त येणं-देणं आणि स्टॉक बघायचा असेल, तर टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्राउझरवर रिपोर्ट बघायची सोय आहेच. एखादी एक्सेल फाइल दोघांना हवी असेल तर ती गुगल ड्राइव्हवर ठेवली की झालं. एका फाइलसाठी पूर्ण कॉम्प्युटरचं दार उघडून ठेवणं म्हणजे घरात वही आणायला पाठवलेल्या माणसाच्या हाती तिजोरीची किल्ली देणं. खरोखर डेस्कटॉपच हवा असेल तर पुढे चला.

दुसरी पायरी: मशीन आणि नेट बघा

ज्या कॉम्प्युटरवर जायचंय, त्याच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात अबाऊट उघडा. विंडोज होम लिहिलंय की प्रो, ते बघा. होमवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर आरडीपीनं जाता येतं, पण होम असलेल्या कॉम्प्युटरवर आरडीपीनं येता येत नाही. दुकानातून आलेले बहुतेक लॅपटॉप होमचेच असतात. होमवर आरडीपी चालू करून देणारे जुगाड यूट्यूबवर सापडतात. ते विंडोजच्या फायलींत हात घालतात आणि एखाद्या अपडेटनंतर बंद पडतात. त्या वाटेला जाऊ नका, होमसाठी पहिल्या प्रकारातलं सॉफ्टवेअर घ्या.

विंडोज १० असेल तर आणखी एक विचार करा. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षेचे अपडेट येत नसतील अशा मशीनवर बाहेरून यायची वाट करू नये.

आता नेट. इथे सगळे डाउनलोडचा वेग सांगतात. पण चित्र जातं ते तिकडच्या कॉम्प्युटरकडून तुमच्याकडे, म्हणून तिकडचा अपलोडचा वेग महत्त्वाचा. स्पीड टेस्ट कारखान्यात करा, पुण्यात करून उपयोग नाही. हिशेबाच्या कामात स्क्रीन बराच वेळ स्थिर असते आणि ही सॉफ्टवेअर बदललेला भागच पाठवतात, त्यामुळे फार वेग लागत नाही. त्रास होतो तो नेट अडखळत असेल तेव्हा. बटण दाबल्यावर क्षणभरानं अक्षर उमटायला लागलं की माणूस दोनदा दाबतो आणि व्हाउचरमध्ये आकडा दोनदा पडतो. हे मी पाहिलेलं आहे. म्हणून ज्याच्यावर जायचं तो कॉम्प्युटर वाय-फायवर ठेवू नका, राऊटरपासून केबल ओढा.

आणखी एक अडचण नवख्याला माहीत नसते. बऱ्याच मोबाइल आणि फायबर जोडण्यांवर तुम्हाला स्वतःचा स्वतंत्र आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, मिळत नाही, एकाच पत्त्यामागे कितीतरी गिऱ्हाइकं असतात. त्यामुळे बाहेरून थेट तुमच्या राऊटरपर्यंत येताच येत नाही. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर यातून मार्ग काढतात, कारण दोन्ही कॉम्प्युटर आतून बाहेर कंपनीच्या सर्व्हरकडे जातात आणि तिथे त्यांची गाठ पडते. जमलं तर पुढची जोडणी थेट होते, नाही जमलं तर सगळं त्या सर्व्हरमार्गे फिरून येतं आणि थोडं हळू चालतं.

तिसरी पायरी: आता नावं

घरच्यांना मदत करायची असेल, म्हणजे आई-बाबा जुळे सोलापुरात आणि तुम्ही हिंजवडीत, आणि दोन्हीकडे विंडोज, तर क्विक असिस्टपासून सुरुवात करा. ते मायक्रोसॉफ्टचंच आहे आणि होमवरही चालतं. तुम्ही मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन इन करून कोड काढायचा, फोनवर बाबांना सांगायचा, त्यांनी तो टाकून परवानगी द्यायची. कोड १० मिनिटांत बाद होतो. बाबांनी परवानगी दिल्याशिवाय काहीच होत नाही आणि खिडकी बंद केली की जोडणी तुटते. कायमचं दार उघडं राहत नाही, म्हणून वयस्कर माणसांच्या कॉम्प्युटरसाठी मला हेच सगळ्यांत आवडतं. एक लक्षात ठेवा: "या प्रोग्रॅमला बदल करू द्यायचे का" असं विंडोज विचारतं तेव्हा तुमच्याकडची स्क्रीन थांबते. तिथे "येस" बाबांनाच दाबावं लागतं. फोन चालू ठेवा.

क्रोम रिमोट डेस्कटॉप फुकट आहे आणि गुगल खात्यावर चालतं. स्वतःच्याच कॉम्प्युटरवर स्वतःला जायचं असेल तर सोपं पडतं. पिन किमान ६ आकडी लागतो. पण लक्षात घ्या, इथे सगळी सुरक्षा तुमच्या गुगल खात्यावर उभी आहे. त्याला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री करून घेण्याची सोय, लावलेली नसेल तर आधी ती लावा.

टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क ही दोन्ही जर्मनीतली. दोन्ही चांगली चालतात, दोन्हींत फाइल पाठवता येते, कायमचा पासवर्ड ठेवता येतो. पण फुकट आहे ते घरगुती वापराला. कारखाना, दुकान, सीएचं ऑफिस हा धंद्याचा वापर झाला. तसा वापर चाललाय असा संशय आला की जोडणी काही मिनिटांत तुटायला लागते, आणि ती तुटते नेमकी रिटर्न भरायच्या दिवशी. धंद्याला घ्यायचं असेल तर वर्षाचे पैसे आधी हिशेबात धरा. एनीडेस्कच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचं कंपनीनं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं होतं आणि सॉफ्टवेअर खरं कंपनीचंच आहे हे दाखवणारी प्रमाणपत्रं बदलली होती. जुनी आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेऊन फिरणाऱ्यांना मी म्हणूनच टोकतो. दरवेळी कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा.

रस्टडेस्क हे मुक्त स्रोत, म्हणजे ज्याचा मूळ कोड सगळ्यांना खुला असतो असं, सॉफ्टवेअर आहे. चेहरामोहरा एनीडेस्कसारखाच, आकडी आयडी आणि पासवर्ड. फरक असा की गाठ घालून देणारा सर्व्हर तुम्ही स्वतःचा चालवू शकता. पाच-दहा कॉम्प्युटर असलेल्या आणि एखादा जाणकार माणूस हाताशी असलेल्या ऑफिसला हा मार्ग मी सुचवतो. तो जाणकार हाताशी नसेल तर स्वतःच्या सर्व्हरच्या भानगडीत पडू नका. अपडेट न केलेला स्वतःचा सर्व्हर दुसऱ्याच्या सांभाळलेल्या सर्व्हरपेक्षा धोक्याचा.

व्हीएनसी हे या सगळ्यांचं जुनं घराणं. एकाच इमारतीत, म्हणजे वरच्या मजल्यावरून खालच्या पॅकिंगच्या कॉम्प्युटरवर जायला आजही उत्तम. पण टाइटव्हीएनसीसारख्या जुन्या पद्धतीच्या सॉफ्टवेअरमध्ये पासवर्डची पहिली ८ अक्षरंच धरली जातात आणि चित्र सांकेतिक न करता उघडंच जातं. म्हणून ते इंटरनेटवर उघडं ठेवायचं नाही.

आरडीपीचंही तेच. राऊटरमध्ये ३३८९ हा पोर्ट, म्हणजे आरडीपीचं दार, बाहेरच्या जगाला उघडून देणारे लोक अजून भेटतात. "साहेब, पासवर्ड आहे की!" असं म्हणतात. मे २०१९ मध्ये आरडीपीतली ब्लूकीप नावाची चूक उघड झाली, तिच्यात जुन्या विंडोजवर पासवर्ड न देताच आत शिरता येत होतं. आरडीपी किंवा व्हीएनसी बाहेरून वापरायचं असेल तर मध्ये खासगी जाळं (व्हीपीएन) घाला, म्हणजे फक्त तुमचेच कॉम्प्युटर एकमेकांना दिसतील. टेलस्केल त्यासाठी सोपं आहे. दोन्ही कॉम्प्युटरवर बसवायचं, एकाच खात्यानं साइन इन करायचं, मग प्रत्येकाला १०० नं सुरू होणारा पत्ता मिळतो आणि त्या पत्त्यावर आरडीपी करायचं. स्वतंत्र आयपी नसल्याची अडचणही यात सुटते आणि राऊटरला हात लावावा लागत नाही.

मॅकवाल्यांसाठी एकच गोष्ट: सॉफ्टवेअर बसवल्यावर स्क्रीन रेकॉर्डिंग आणि ॲक्सेसिबिलिटी अशा दोन परवानग्या सेटिंग्जमध्ये जाऊन द्याव्या लागतात. पहिली नसेल तर उघडलेल्या खिडक्या दिसत नाहीत, दुसरी नसेल तर दिसतं पण माउस हलत नाही.

चौथी पायरी: बसवणं आणि आधी घरातच तपासणं

दोन कॉम्प्युटर एकाच टेबलावर ठेवून पहिली जोडणी करा. कोणती बटणं कुठे आहेत, तिकडे कोणती खिडकी उघडते, ते दोघांनी मिळून बघा. मग तुमचा लॅपटॉप मोबाइलच्या नेटवर घ्या आणि परत जोडा. ही दुसरी चाचणी लोक सोडतात. घरच्या वाय-फायवर सगळंच चालतं, आणि पुण्याला पोचल्यावर कळतं की बाहेरून काहीच होत नाही.

कोणी नसताना जायचं असेल तर सॉफ्टवेअर नुसतं चालवून भागत नाही, नीट इन्स्टॉल करा. तरच ते कॉम्प्युटर चालू झाल्याबरोबर, लॉगिन व्हायच्या आधीच जागं होतं आणि परवानगी विचारणारी विंडोजची खिडकीही तुम्हाला दिसते. तपासायला कॉम्प्युटर बंद करून चालू करा, पासवर्ड टाकू नका आणि बाहेरून जोडणी होते का ते बघा. कायमचा पासवर्ड लांब ठेवा आणि दुहेरी पडताळणीची सोय असेल तर ती लावा. विंडोजच्या लॉगिनचा, ईमेलचा आणि याचा पासवर्ड एकच नको.

लाइट गेली तर

उन्हाळ्यात आपल्याकडे लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको. लाइट आली तरी कॉम्प्युटर आपोआप चालू होत नाही, आणि तुम्ही पुण्यात बसून "ऑफलाइन" हा शब्द बघत राहता. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते, बहुतेक ठिकाणी "एसी पॉवर लॉस" असं काहीतरी लिहिलेलं. ती "पॉवर ऑन" करा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये स्लीप "नेव्हर" करा. मॉनिटर बंद झाला तर चालतो, कॉम्प्युटर झोपता कामा नये. आणि राऊटरलाही यूपीएस द्या. कॉम्प्युटर यूपीएसवर जिवंत आणि राऊटर मात्र बंद, अशी गत मी बऱ्याच ऑफिसात पाहिली आहे.

मॉनिटर जोडलेलाच नसेल तर काही मशीनवर चित्र अगदी लहान मापाचं येतं. एचडीएमआयच्या भोकात बसवायचं छोटं डमी प्लग बाजारात मिळतं, ते लावलं की कॉम्प्युटरला मॉनिटर असल्यासारखं वाटतं.

मराठी टायपिंग

डीटीपीवाल्यांचे फोन याच कारणानं येतात. तुमच्याकडचा कीबोर्ड मराठीवर आणि तिकडचाही मराठीवर असेल तर अक्षरांची खिचडी होते. साधा नियम पाळा: तुमच्या कॉम्प्युटरवर कीबोर्ड इंग्रजीवरच ठेवा आणि भाषा बदलायची ती दूरच्या कॉम्प्युटरवर बदला. मग तुम्ही फक्त बटणं पाठवता आणि मराठी तिकडे तयार होतं. जुन्या फॉन्टात काम करणाऱ्यांनाही हाच नियम लागू. कॉपी-पेस्ट करून मजकूर पाठवत असाल तर मात्र युनिकोडच हवा.

कोड कोणाला द्यायचा

ही पायरी मी शेवटी ठेवली, कारण वरचं सगळं विसरलात तरी हिच्यावर तुम्ही थोडं थांबावं असं मला वाटतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सावध केलं होतं की भामटे लोकांना फोनवर एनीडेस्क उतरवायला लावतात, ९ आकडी कोड विचारतात आणि खातं रिकामं करतात. ॲपमध्ये खोट नसते. ते जे करायला बनलंय तेच करतं, फक्त तिकडे दुसरा माणूस बसलेला असतो.

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांना फोन आला की बिल थकलंय, आज रात्री लाइट तोडणार, हे ॲप टाका आणि १० रुपये भरा. मास्तरांनी टाकलं. त्यांनी पिन टाकला तो समोरच्यानं पाहिला. पैसे गेले त्यापेक्षा त्यांनी पुढे सहा महिने मोबाइलला हात लावला नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. इतका हुशार माणूस स्वतःला मूर्ख म्हणत बसला होता.

म्हणून घरच्यांना हे सॉफ्टवेअर बसवून द्याल तेव्हा त्याच बैठकीत सांगा: कोड फक्त तेव्हाच द्यायचा किंवा टाकायचा जेव्हा फोन *आपण* ओळखीच्या नंबरवर केलाय. आलेल्या फोनवर कधीच नाही, मग तो बँकेचा असो, वीज कंपनीचा असो वा पोलिसांचा. जोडणी चालू असताना बँकेचं पान उघडायचं नाही आणि पिन टाकायचा नाही, मदत करायला मुलगा बसला असला तरी. हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मॉनिटरच्या बाजूला चिकटवा. आणि चुकून कोणी आत आलंच तर आधी नेट तोडा, राऊटरची वायर ओढली तरी चालेल. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

कारखान्यात माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी रिमोटचा कायमचा पासवर्ड बदला आणि त्याच्या मोबाइल-लॅपटॉपची नावं परवानगीच्या यादीतून काढा. महिन्यातून एकदा जोडण्यांची नोंद उघडून बघा, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती असते. ओळखीची नसलेली वेळ दिसली तर विचारा.

त्या टॉवेल कारखान्यात आता रस्टडेस्क आहे. मालकांचा मुलगा जोडणी करायच्या आधी मॅडमना फोन करतो, मग दोघं एकाच स्क्रीनवर व्हाउचर बघतात. आरडीपी ठेवलंय, पण टेलस्केलमधून आणि संध्याकाळी सातनंतरच, ऑफिस बंद झाल्यावर.